सुपरवायझरविरुद्ध तोंडी तक्रार आली आहे: अंतर्गत समितीनं काय करावं, कुठल्या क्रमानं करावं

प्रश्न थोडक्यात असा. चाकण पट्ट्यातला वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. कामगार 85, त्यांत 22 महिला, बहुतेक ठेकेदारामार्फत आलेल्या. एका कंत्राटी महिलेनं एचआरला तोंडी सांगितलं की लाइनवरचा सुपरवायझर रात्री व्हॉट्सॲपवर नको ते मेसेज पाठवतो, पार्ट दाखवायच्या निमित्तानं अंगचटीला येतो आणि उत्तर दिलं नाही की दुसऱ्या दिवशी अवघड मशीनवर उभं करतो. मालकांचं म्हणणं, दोघांना समोर बसवून मिटवून टाका. लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी कायद्यानं नेमावी लागणारी अंतर्गत समिती कागदावर आहे, पण तिची एकही बैठक झालेली नाही. सुरुवात कुठून करायची?

दोघांना समोरासमोर बसवायचं नाही, इथून. मालकांचा हेतू चांगला असेल, पण त्या एका बैठकीत बरंच काही कायमचं बिघडतं. चौकशी सुरू होण्याआधीच सुपरवायझरला सगळं कळतं. मेसेज डिलीट करायला आणि साक्षीदारांना गाठायला त्याला मोकळा वेळ मिळतो. ज्याच्या हातात आपली हजेरी आहे त्याच्या तोंडावर त्या महिलेला एकटीनं बोलावं लागतं, आणि ती बहुधा माघार घेते. प्रकरण पुढे गेलंच, तर ‘एचआरनं आधीच बघितलं होतं, काही निघालं नव्हतं’ हा बचाव आयता तयार असतो. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात समेटाची सोय आहे, कलम 10 मध्ये. पण तो समेट तक्रारदार महिलेनं स्वतः मागावा लागतो, चौकशी सुरू होण्याआधी मागावा लागतो, तो समितीनं घडवून आणायचा असतो आणि पैसे देऊन तो करता येत नाही. मालकांनी सुचवलेली तडजोड यात बसत नाही.

‘ती आमच्या पगारपत्रकावर नाही, ठेकेदारानं बघावं’ हेही चालणार नाही. या कायद्यात कर्मचारी म्हणजे कायम, हंगामी, रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत आलेली, प्रशिक्षणार्थी, अप्रेंटिस, अगदी बिनपगारी स्वयंसेवकसुद्धा. सुपरवायझर तुमचा आहे, जागा तुमची आहे, तेव्हा चौकशी तुमच्याच समितीनं करायची. कंपनीनं दिलेली बसही कामाचं ठिकाण धरली जाते. मेसेज रात्री घरी असताना आले म्हणून ते कायद्याबाहेर जात नाहीत. कामामुळे आलेल्या नात्याचा वापर करून ते पाठवले गेले, हे बघायचं. ‘हात लावला नाही, नुसतं बोलला’ हा बचाव तर सर्वोच्च न्यायालयानं 1999 मध्येच, एपेरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलच्या खटल्यात, निकालात काढला आहे. स्पर्श झालाच पाहिजे अशी अट नाही.

आता पहिल्या दिवसाचं काम. ते पुराव्याचं आहे आणि नेमकं तेच राहून जातं.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, डिस्क भरली की जुनं फुटेज पुसत जातो; बऱ्याच कारखान्यांत ते 15 ते 30 दिवसांचंच उरतं. त्या लाइनच्या कॅमेऱ्याचं उपलब्ध असेल तेवढं सगळं फुटेज त्याच दिवशी काढून घ्या, पेन ड्राइव्ह पाकिटात सीलबंद करा, त्यावर तारीख, वेळ आणि काढणाऱ्याची सही घ्या. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का ते तपासा. दहा मिनिटं मागे-पुढे असेल तर तसं लिहून ठेवा, नाहीतर पुढे हजेरीच्या पंचिंगशी वेळा जुळत नाहीत आणि सगळं फुटेजच संशयात येतं. फुटेज मागवताना सिक्युरिटीला कारण सांगू नका. ‘लाइन तपासणीसाठी’ एवढं पुरे.

मेसेजचे स्क्रीनशॉट घेतानाही एक चूक ठरलेली असते. वर नुसतं ‘सुपरवायझर साहेब’ असं नाव दिसतं, नंबर दिसत नाही. सेव्ह केलेलं नाव कुणीही काहीही टाकू शकतं, म्हणून काँटॅक्टचं पान उघडून नंबरासकट वेगळा स्क्रीनशॉट घ्यायचा. चॅट आपोआप पुसलं जाण्याची सोय चालू असेल तर ती आधी बंद करायची. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून समितीच्या ईमेलवर घ्यायचं, आणि फोन तिच्याकडेच ठेवायचा. फोन काढून घ्यायचा अधिकार एचआरला नाही, त्याची गरजही नाही. तिच्या बाजूची उत्तरंही त्यात राहू द्या. ‘हो साहेब’, ‘ठीक आहे सर’ अशी उत्तरं दिसली म्हणून तिची संमती होती असं ठरत नाही. हाताखालची बाई दुसरं काय लिहिणार, हे समितीनं समजून घ्यायचं असतं. प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागेल, म्हणून कुठल्या फोनवरून, कुणी, कधी काढलं याची नोंद आत्ताच करून ठेवा.

तुमच्या प्रकरणात सर्वांत बोलका पुरावा मात्र वेगळाच आहे: लाइनचं मशीन-वाटपाचं रजिस्टर. एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे मेसेजची तारीख, वेळ आणि तिनं उत्तर दिलं की नाही ते. उजवीकडे दुसऱ्या दिवशी तिला कुठलं मशीन मिळालं ते. तिचं म्हणणं खरं असेल तर उत्तर न दिलेल्या रात्रींनंतर अवघड मशीन येत गेलेलं दिसेल. त्याच काळात इतर महिलांना मशीन कसं फिरवून दिलं जात होतं, हेही शेजारी मांडा, म्हणजे तो नेहमीचाच फेरा होता की नाही ते कळेल. नोकरीत त्रास देण्याची धमकी, मग ती उघड असो वा आडून, 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याच्या कलम 3 मध्ये स्पष्ट धरलेली आहे, आणि धमकी तोंडानं दिलीच पाहिजे असं नाही. ओव्हरटाइमची यादी आणि नाकारलेल्या रजेचे अर्ज याच कामी येतात. हे सगळे कागद तुमच्याच कपाटात आहेत.

तक्रार लेखी हवी. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीवर कायद्यानं टाकलेलं काम आहे. उपकार म्हणून करायचं ते नव्हे. समितीतल्या महिला सदस्यानं वेगळ्या खोलीत बसून तिच्याच शब्दांत लिहावं, वाचून दाखवावं, दुरुस्त्या कराव्यात आणि मग सही किंवा अंगठा घ्यावा. ‘विनयभंगाचा प्रयत्न केला’ असं कोर्टाच्या भाषेत लिहू नका. ‘माझ्या मागून येऊन उजव्या खांद्यावर हात ठेवला, मी सरकले तरी काढला नाही’ असं लिहा. तारीख आठवत नसेल तर ‘पगार झाला त्या आठवड्यात, दुसऱ्या शिफ्टला, जेवणाच्या सुट्टीनंतर’ चालतं. हजेरीवरून तारीख नंतर शोधता येते. नियमाप्रमाणे तक्रारीच्या 6 प्रती, सोबतचे कागद आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे असतात. झेरॉक्स समितीनं स्वतः काढावी. ऑफिसातल्या सगळ्यांच्या मशीनवर तिला पाठवलंत तर संध्याकाळपर्यंत बातमी कँटीनमध्ये असते.

तक्रार करायची मुदत 3 महिन्यांची आहे. छळ सलग चालू असेल तर शेवटच्या प्रसंगापासून मोजायची. उशिराचं कारण पटलं तर समिती ते लेखी नोंदवून आणखी 3 महिन्यांपर्यंत वाढ देऊ शकते. हा निर्णय तोंडी घेऊ नका.

तक्रारीची पोच देण्याआधी समिती नीट तपासून घ्या, कारण समिती चुकीची असेल तर तिनं केलेलं सगळं काम वाया जाऊ शकतं. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला कर्मचारी हवी. तुमच्याकडे तशी कुणी नसेल तर त्याच मालकाच्या दुसऱ्या युनिटमधून किंवा दुसऱ्या संस्थेतून घेता येते. मालकांच्या पत्नीला नावापुरतं बसवू नका. कर्मचाऱ्यांमधून किमान 2 सदस्य, बाहेरचा 1 सदस्य, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त 3 वर्षं. आदेशावरची तारीख बघा, ती बऱ्याच ठिकाणी कधीच उलटून गेलेली असते. बाहेरचा सदस्य महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला हवा. कंपनीचे कामगार खटले लढवणारा वकील तिथे बसवणं हा उघड हितसंबंधांचा घोळ आहे. नियमांत बाहेरच्या सदस्याला दिवसाला 200 रुपये आणि प्रवासखर्च लिहिला आहे. तेवढ्यात जाणता माणूस दिवसभर बसणार नाही, म्हणून योग्य मानधन ठरवा आणि प्रत्येक सुनावणीला त्यांना खरोखर बोलवा. सुपरवायझरच्या गावचा, नात्यातला किंवा त्याच्या हाताखालचा कुणी समितीत असेल तर त्यानं या प्रकरणापुरतं बाजूला व्हावं आणि त्याची इतिवृत्तात नोंद व्हावी.

मग तारखा. तक्रार मिळाल्यापासून 7 कामकाजाच्या दिवसांत त्याची प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला द्यायची. त्यानं 10 कामकाजाच्या दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. तुमच्या भागात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तक्रार सोमवारी 3 तारखेला आली तर प्रत 11 तारखेपर्यंत पोचली पाहिजे, आणि ती 11 लाच दिली तर उत्तर 23 तारखेपर्यंत येईल. म्हणजे एकही सुनावणी न होता 20 दिवस गेले. संपूर्ण चौकशी 90 दिवसांत संपवायची आहे. प्रत पहिल्याच दोन दिवसांत दिलीत तर आठवडाभर वाचतो. प्रत देताना पोच घ्या. त्याच पत्रात लिहा की तक्रारदार किंवा साक्षीदारांशी या विषयावर थेट किंवा कुणामार्फत बोलायचं नाही.

या काळात ती महिला रोज कामावर येणार आहे, हे विसरू नका. तिच्या लेखी विनंतीवरून समिती अंतरिम उपाय सुचवू शकते: तिची किंवा त्याची बदली, तिच्या नेहमीच्या रजेव्यतिरिक्त 3 महिन्यांपर्यंत रजा, आणि तिच्या कामाचा अहवाल लिहायला त्याला मनाई. विनंती तिची असायला हवी. ‘तिच्या सुरक्षेसाठी’ म्हणून तिलाच पॅकिंगला पाठवून देणं ही सर्रास होणारी गोष्ट आहे, आणि तिला ती शिक्षाच वाटते, कारण लाइनवरचा भत्ता जातो आणि बोटं तिच्याकडे वळतात. हलवायचंच असेल तर त्याला हलवा. निदान तिची हजेरी, मशीन-वाटप आणि ओव्हरटाइम हे तिन्ही दुसऱ्याकडे द्या. कारखान्यात कामाचा अहवाल म्हणजे हेच तीन कागद असतात.

कंत्राटी महिलेच्या बाबतीत खरा धोका ठेकेदाराकडून असतो. कुणी काही लिहीत नाही. फोन येतो, ‘उद्यापासून येऊ नका’. म्हणून ठेकेदाराला लगेच एक साधं पत्र द्या: पुढचे 3 महिने या लाइनवरच्या कुठल्याही महिला कामगाराला कमी करण्याआधी किंवा दुसरीकडे पाठवण्याआधी कंपनीची लेखी संमती घ्यावी. तक्रारीचा उल्लेख त्यात नको. असं पत्र तिचं नाव न उघडता तिची नोकरी राखतं. सुनावणीचा वेळ कामाचाच धरा. रोजंदारीवरच्या बाईचा सुनावणीच्या दिवसाचा रोज कापला तर ती दुसऱ्या तारखेला येणार नाही.

सुनावणीला अध्यक्षांसह किमान 3 सदस्य हजर हवेत. वकील कुणालाच आणता येत नाही. प्रश्न कसे विचारता यावर सगळं अवलंबून आहे. ‘तुम्ही तेव्हाच का नाही ओरडलात?’ हा प्रश्न नाही, आरोप आहे. त्याऐवजी: ‘ताई, तुम्ही कुठल्या मशीनवर उभ्या होता? ते कुठल्या बाजूनं आले? तेव्हा जवळ कोण होतं? त्यानंतर तुम्ही काय केलंत? हे त्या दिवशी किंवा नंतर कुणाला सांगितलंत?’ यातल्या शेवटच्या प्रश्नातून साक्षीदार मिळतो. खांद्यावर हात ठेवताना बघणारं कुणी नसतं, पण त्याच संध्याकाळी बसमध्ये शेजारणीला सांगितलेलं असतं, किंवा बहिणीला फोन केलेला असतो. कपडे, आधीची मैत्री, लग्न, घटस्फोट यांवर एकही प्रश्न नको, दुसऱ्या बाजूनं आग्रह धरला तरी नको. जबाब प्रश्नोत्तराच्या रूपात लिहा, प्रत्येक पानावर सही घ्या, आणि ज्याचा जबाब आहे त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवा. कामगार हिंदी बोलणारी असेल तर जबाब हिंदीतच लिहा.

आता सुपरवायझरची बाजू. इथे हात आखडता घेऊ नका. त्याला तक्रार, सोबतचे कागद, साक्षीदारांचे जबाब मिळाले पाहिजेत, स्वतःचे साक्षीदार आणता आले पाहिजेत आणि साक्षीदारांना प्रश्न विचारता आले पाहिजेत. तक्रारदाराला त्याच्या समोर बसवायची गरज नाही. त्यानं प्रश्न लेखी द्यावेत, समितीनं ते विचारावेत, उत्तरं लिहून त्याला द्यावीत. एखादा प्रश्न अपमानास्पद म्हणून गाळला तर कारण नोंदवावं. तो सलग 3 सुनावण्यांना सबळ कारणाशिवाय आला नाही तर एकतर्फी पुढे जाता येतं, पण 15 दिवसांची लेखी नोटीस देऊनच. घाईची किंमत किती मोठी असते ते गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसलं. तिथली चौकशी 2009 मध्ये झाली, प्राध्यापकाला बडतर्फ केलं गेलं. पण समितीनं घाईघाईत काम उरकून त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयानं 12 मे 2023 रोजी ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी तक्रारदार मुली जिथे होत्या तिथेच. आरोपीला दिलेली पुरेशी संधी ही तक्रारदाराच्याच हिताची असते, हे मालकांना आणि समितीला दोघांनाही पटवून द्या.

अहवाल लिहिताना फौजदारी खटल्यासारखा ‘संशयापलीकडे सिद्ध’ हा निकष लावायचा नाही. दोन्ही बाजू आणि कागद बघून घडलं असण्याची शक्यता जास्त आहे का, एवढंच ठरवायचं. प्रत्येक आरोप वेगळा घ्या: मेसेज, स्पर्श, मशीन-वाटप. कुठला सिद्ध झाला, कशावरून. कुठला नाही झाला, का. ‘समितीला असे वाटते’ या वाक्यावर अपिलात काहीच टिकत नाही. निष्कर्ष दोन्ही बाजूंना दाखवून त्यावर त्यांचं म्हणणं घ्या. चौकशी संपल्यापासून 10 दिवसांत अहवाल मालकांकडे, आणि त्यांनी 60 दिवसांत शिफारशींवर कारवाई करायची. लेखी माफीपासून बढती किंवा पगारवाढ रोखणं, समुपदेशन, कामावरून काढणं इथपर्यंत शिफारस करता येते. भरपाई त्याच्या पगारातून कापूनही देता येते. सर्वोच्च न्यायालयानं मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेत स्पष्ट केलं आहे की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाचा चौकशी अहवाल धरायचा. त्यामुळे ‘आता आमची वेगळी खातेनिहाय चौकशी’ म्हणून त्या महिलेला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लावू नका.

आरोप सिद्ध झाला नाही तर? तेवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई करायची गरज नाही, असं कलम 14 मध्येच आहे. दुष्ट हेतूनं, माहीत असून खोटी तक्रार केली हे वेगळं सिद्ध करावं लागतं. ‘सिद्ध झालं नाही तर तुमच्यावर कारवाई होईल’ असं वाक्य तक्रारीच्या छापील अर्जावर असेल तर तो अर्ज आजच बदला. नाव फोडणाऱ्यावर 5,000 रुपये दंड आहे, आणि समितीच नीट नेमली नाही तर मालकांवर 50,000 रुपयांपर्यंत.

पोलिसांचा रस्ता वेगळा आणि समांतर आहे. तिला हवं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 (लैंगिक छळ), 78 (पाठलाग) आणि प्रसंगानुसार 74 किंवा 79 खाली तक्रार करता येते, आणि तिला त्यात मदत करणं हे मालकांचं कर्तव्य आहे. समितीनं ‘आधी आमची चौकशी संपू द्या’ असं सांगून तिला थांबवू नये.

एक मर्यादा लक्षात ठेवा. हा कायदा महिलांपुरता आहे. पुरुष कामगाराचा छळ, सुपरवायझरची शिवीगाळ, मुद्दाम एकटं पाडणं यांसाठी सेवाशर्तींत वेगळी तरतूद करावी लागते. नसेल तर ती करून घ्या. जातीवरून अपमान झाला असेल तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो आणि तो समितीत मिटवायचा विषय नव्हे. तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2019 च्या कायद्याप्रमाणे आस्थापनेनं तक्रार अधिकारी नेमायचा असतो. बहुतेक कारखान्यांना याची गंधवार्ताही नसते.

समिती नेमल्याचा आदेश आणि छळ केल्यास होणाऱ्या शिक्षेची माहिती दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. ऑफिसच्या काचेमागे इंग्रजीत लावलेला कागद लाइनवरच्या बायका कधी वाचणार? मराठी आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत, महिलांच्या स्वच्छतागृहाबाहेर, कँटीनमध्ये आणि बसमध्ये लावा, सदस्यांच्या फोन नंबरांसकट. सुपरवायझरांचं प्रशिक्षण वेगळं घ्या आणि त्यात मशीन-वाटप, रजा, ओव्हरटाइम यांवरच बोला, कारण त्यांच्या हातातली सत्ता तिथे आहे. वर्षअखेरीला तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, किती 90 दिवसांहून जास्त रखडल्या, कार्यशाळा किती झाल्या याचा अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे जातो. एकही तक्रार नसली तरी जातो.

हे सगळं सांगूनही मालक अडून बसले, तर त्या महिलेला सांगा की केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. तक्रार खुद्द मालकांविरुद्ध असेल किंवा कामगार 10 पेक्षा कमी असतील तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तुमच्या समितीच्या शिफारशी तिला मान्य नसतील, किंवा त्या अमलातच आणल्या नाहीत, तर शिफारशींपासून 90 दिवसांत अपील करता येतं. अहवालाची प्रत तिच्या हातात देताना ही शेवटची तारीख त्यावर लिहूनच द्या.